नाताळला हॉलमध्ये सिनेमा लावायचाय, पण भक्तीचे सिनेमे लोकांना नक्की कशामुळे भिडतात?

नेवरी_आणि_फुगे:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर पूर्ण वाचा प्लीज.

आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, पश्चिम उपनगरात आहे, नाव नको) नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये सिनेमा दाखवतात. दीडेकशे खुर्च्या, भाड्याचा प्रोजेक्टर, नंतर चहा आणि घराघरातून आलेलं गोडधोड. गेली तीन वर्षं सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून आवडतं, पण या वेळी मी खरंच अडकलेय.

दोन वर्षांपूर्वी एक हल्लीच्या काळातली गोष्ट लावली होती, अमेरिकेतलं घर, नवऱ्याचा देवावरचा विश्वास उडालेला, बायको प्रार्थना करतेय, आणि शेवटी नाताळच्या रात्री सगळं ठीक होतं, तसला. अर्ध्या तासात मागच्या रांगांमध्ये मोबाईलचे उजेड दिसायला लागले, मध्यंतरानंतर मी मोजले तर चाळीसेक लोक उरले होते. आणि बाहेर पडताना प्रत्येकजण मला म्हणतोय, छान होता गं, चांगला मेसेज होता. जे मधेच उठून गेले तेसुद्धा दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले. मला त्या रात्री झोप नाही लागली. कारण सिनेमा देवाचा आहे म्हटल्यावर माणूस वाईट कसं बोलणार, आणि मग मला कळणार कसं की पोचला की नाही?

गेल्या वर्षी 'द नेटिव्हिटी स्टोरी' लावला, २००६ चा. इंग्रजी असल्यामुळे मी माइकवरून मधे मधे मराठीत सांगत होते. त्यात नाझरेथहून बेथलेहेमला जाताना वाटेत एक रात्र आहे, योसेफ चालून चालून दमून झोपलाय, पाय फुटलेत, रक्त आलंय, आणि मारिया त्याला न उठवता त्याचे पाय धुते आणि पोटातल्या बाळाशी बोलते, की तुला सांभाळणारा माणूस चांगला आहे. तिथे मी काही बोललेच नाही, माइक खाली ठेवला. आणि दुसऱ्या रांगेतून माझी आजी, वय ८६, कानाला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलते, ती म्हणाली, एवढं पोट घेऊन वाकली गं ती. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. आजूबाजूच्या चार बायकांनी पदर डोळ्याला लावला. घरी जाताना रिक्षात आजी परत तेच म्हणाली.

तर प्रश्न असा की त्या दोन सिनेमांमध्ये फरक नक्की कशाचा? जुना काळ विरुद्ध नवा काळ एवढंच आहे का? या वर्षी कमिटीतल्या अर्ध्या लोकांना परत "मेसेजवाला" हवाय आणि तरुण पोरं म्हणतात कार्टून लावा. तुम्ही काय बघितलंय, तुमच्या आजूबाजूच्यांना काय भिडलंय, ते सांगा. सगळ्या धर्मांच्या लोकांनी लिहा, मला खरंच हवंय.

गिरगावचा_पडदा:

ताई, मी ख्रिश्चन नाही, पण तुमचा प्रश्न वाचून सगळ्यात आधी दादासाहेब फाळके आठवले, कारण आपला सिनेमाच मुळी अशा एका प्रेक्षकापासून सुरू झालाय.

१९१०-११ च्या सुमाराची गोष्ट, आमच्या गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस म्हणून होतं तिथे ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट लागला होता. फाळके तो बघायला बसले. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतः लिहिलंय की डोळ्यासमोर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनात मात्र श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या दिसत होती. नंतर ते पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले तो सिनेमा बघायला. आणि ३ मे १९१३ ला त्याच गिरगावात कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे बघा, ज्याची भक्ती वेगळ्या देवावर आहे असा माणूस येशूचा सिनेमा बघतो आणि हलतो, ते का? मला वाटतं त्या मूकपटात त्याला कोणी काही पटवून देत नव्हतं. समोर एक आई होती, बाळ होतं, छळ होता, मरण होतं. बाकीचं त्याने आपल्या मनातून भरलं.

तुमच्या आजीने तेच केलं. तिने जन्मभर ती गोष्ट ऐकलीय, नाताळचा गोठा मांडलाय, तिला मारिया बेथलेहेमला गेली हे नव्याने सांगायची गरजच नव्हती. पण नवव्या महिन्यात वाकायला काय होतं ते तिला स्वतःच्या कमरेतून माहितेय. सिनेमाने फक्त ती वाकलेली दाखवली.

आपल्याकडे 'संत तुकाराम' (१९३६) चं तेच झालं, वर्षभराहून जास्त चालला इथे सेंट्रल सिनेमात, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही गाजला, आणि त्यात लोकांना वैकुंठाच्या विमानाइतकीच जिजाई लक्षात राहिली, तुकोबांवर करवादणारी, पोरांच्या पोटाची काळजी करणारी. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या लोक पाया पडायचे म्हणतात, पण माझी आई जिजाईबद्दलच बोलायची, बिचारीला किती त्रास. मग १९७५ ला 'जय संतोषी माँ' ला लोक चपला बाहेर काढून आत जायचे, पडद्यावर नाणी-फुलं टाकायचे, आरती करायचे. समीक्षकांनी त्या सिनेमाबद्दल काहीही लिहिलेलं असू दे, थिएटरमध्ये बायका सिनेमा बघत नव्हत्याच, दर्शन घेत होत्या. म्हणून मला वाटतं काळ जुना-नवा हा मुद्दा नाही. प्रेक्षकाला आत यायला जागा ठेवलीय की दारातच प्रवचन सुरू केलंय, एवढंच बघा.

तिकीटबारी_फॉलो:

गिरगावकरांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो कारण मी हे बरीच वर्षं फॉलो करतोय आणि मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो, घरी दर डिसेंबरला बघतो.

२००४ मध्ये मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' आला, खर्च ३ कोटी डॉलर, तो पण ॲरमेइक आणि लॅटिन या जुन्या भाषांमध्ये, आणि जगभरातून ६० कोटी डॉलरच्या वर कमाई. हॉलिवूडला वाटलं चर्चला जाणारे लोक म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक. मग नेवरीताईंनी लावला तो 'द नेटिव्हिटी स्टोरी' आला, कॅथरिन हार्डविकचा, व्हॅटिकनमध्ये प्रीमियर झालेला पहिला कथापट तो, २६ नोव्हेंबर २००६, इटलीतलं मातेरा आणि मोरोक्कोमध्ये शूटिंग, मारिया केईशा कासल-ह्यूज आणि योसेफ ऑस्कर आयझॅक जो तेव्हा कोणाला माहीतही नव्हता. खर्च साडेतीन कोटी डॉलर आणि जगभरातून आले साडेचार कोटींच्या थोडे वर, त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, म्हणजे धंद्याच्या हिशोबाने बसलाच. समीक्षकांनीही "गोठ्यातल्या मूर्तींसारखा स्तब्ध" अशा अर्थाची कुरकुर केली. पण १८-१९ वर्षांनी मुंबईतल्या एका हॉलमध्ये एक आजी त्यातल्या एका प्रसंगावर बोलतेय, हे कुठल्या आकड्यात धरणार.

आता तुमचं ते "सगळे छान म्हणतात" चं. अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून एक कंपनी आहे, पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांना कार्ड देऊन ग्रेड विचारते. भक्तीच्या सिनेमांना तिथे ए, ए प्लस सर्रास मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या 'द किंग ऑफ किंग्ज' या कोरियन ॲनिमेशनलाही ए प्लस होता (पोरांसाठी कार्टून हवं असेल तर हा बघाच, चार्ल्स डिकन्स आपल्या मुलाला येशूची गोष्ट सांगतोय अशी मांडणी आहे, जन्मापासून सुरू होते). पण हे लक्षात घ्या की पहिल्या दिवशी येतात तेच मुळी ज्यांना तो आवडणार आहे ते. त्यामुळे त्या ग्रेडवरून सिनेमा चांगला आहे हे कळत नाही, ज्याच्यासाठी काढला त्याला पोचला एवढंच कळतं. उलट टोक म्हणजे कर्क कॅमेरॉनचा 'सेव्हिंग ख्रिसमस', २०१४. नाताळच्या पार्टीतून उठून मेव्हणा गाडीत जाऊन बसलाय आणि हिरो शेजारी बसून त्याला समजावतोय, ख्रिसमस ट्री का बरोबर, भेटवस्तू का बरोबर, बराचसा सिनेमा ते दोघं त्या गाडीतच. समीक्षकांनी धुतल्यावर त्याने फेसबुकवर चाहत्यांना सांगितलं की जाऊन रेटिंग वाढवा, तर लोकांनी जाऊन आणखी खाली आणलं. त्याला सर्वात वाईट सिनेमाचा रॅझीही मिळाला. मला त्याचं वाईट वाटतं कारण माणसाची तळमळ खोटी नव्हती. पण गाडीत बसवून ऐकवलं की माणूस दार उघडायची वाट बघतो, मग तो मेव्हणा असू दे की प्रेक्षक, आणि तुमच्या मागच्या रांगांनी तेच केलं, फक्त त्यांच्याकडे मोबाईल होता.

नाईट_ड्युटी_परळ:

मी नर्स आहे, ड्युटीवरून आले आणि हा धागा वाचत बसले, झोप राहू दे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी मिशनवाले, चार पिढ्या. तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे पण कोणी भाषेबद्दल बोललंच नाही. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या गावात देवळासमोर (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) दोन बांबू रोवून पांढरा पडदा बांधला होता आणि जनरेटर लावून 'येशू' हा सिनेमा दाखवला होता, तो १९७९ चा, लूकच्या शुभवर्तमानावरचा (बायबलमधलं येशूचं चरित्र). तो जगातल्या २००० हून जास्त भाषांमध्ये डब झालाय, मराठीतही आहे. वारं सुटलं की पडदा फुगायचा आणि येशूचा चेहरा लांब व्हायचा, आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूने बसलो होतो, तिथून सगळं उलटं दिसतं. अख्खं गाव आलं होतं, मंडळीतले आणि मंडळीबाहेरचे, जोंधळ्याच्या खळ्यावरून उठून आलेले.

माझी आजी तोवर मुंबईत माझ्या काकांकडे दोनतीन इंग्रजी सिनेमे बघून आली होती. त्या रात्री देवदूत मेंढपाळांना मराठीत म्हणाला भिऊ नका, तर आजी माझ्या आईला म्हणाली, आज पहिल्यांदा तो आपल्याशी बोलला, एरवी साहेबांशी बोलतो. आमच्याकडे अजूनही मेंढरं आहेत, धनगर वाड्यावर उतरतात, रात्री शेतात राखण करणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. तिकडे आंध्रात 'करुणामयुडू' म्हणून १९७८ चा तेलुगू सिनेमा आहे, हिंदीत 'दया सागर', तोही असाच गावोगावी पडदे बांधून दाखवला गेला, विजयचंदर येशू झाले होते. आमच्याकडेही एकदा आला होता. त्यातला येशू आपल्यासारखा दिसतो, आपल्यासारखा हात जोडलेल्या माणसाकडे बघतो, बायका तर पडद्यालाच नमस्कार करत होत्या.

म्हणून नेवरीताई, माइकवरून सांगण्यापेक्षा मराठी डब लावा. तुमच्या आजींना कमी ऐकू येतं ना, मग दोन आवाज एकावर एक तर अजिबात नको. डबिंग थोडं जुनाट वाटेल, ओठ जुळत नाहीत, पोरं हसतील, हसू द्यात, आम्हीपण हसलो होतो. आणि मग गप्प झालो होतो.

आणि एक, हे मला लिहायचंच होतं. नाताळच्या रात्री वॉर्डमध्ये ड्युटी लागली की आम्ही दोघीतिघी मिळून 'द चोझन' (येशूवरची मालिका) वाल्यांची मेंढपाळाची छोटी फिल्म बघतो मोबाईलवर, वीसेक मिनिटांची. डॅलस जेन्किन्सने ती २०१७ मध्ये आपल्या चर्चच्या नाताळच्या उपासनेसाठी केली होती, आधीचा सिनेमा पडल्यावर. पायाने अधू मेंढपाळ, कुबडी घेऊन बाजारात येतो, त्याच्या कोकराला खोड काढून त्याला हाकलून देतात, आणि त्याच रात्री देवदूत त्यालाच दिसतो. मागच्या वर्षी एका पेशंटच्या नातेवाईकाने आमच्या खांद्यावरून उभ्याउभ्या बघितली, मुस्लिम होते ते, त्यांचा मुलगा आत होता. संपल्यावर म्हणाले, सिस्टर, फिरसे लगाओ. परत लावली.

तिकीटबारी_फॉलो:

सिस्टर, तुमचं वाचून थांबलो जरा. त्या फिल्मवरूनच पुढे लोकवर्गणीतून साधारण एक कोटी डॉलर जमले आणि 'द चोझन' चा पहिला सीझन झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी नाताळचा खास भाग अमेरिकेत थोडे दिवस थिएटरला लावला, तर सव्वा कोटी डॉलरच्या वर गेला. ज्यांनी घरबसल्या फुकट बघितलं होतं तेच लोक तिकीट काढून गेले, कारण त्यांना सगळ्यांच्या सोबत बसून बघायचं होतं.

बावीस_वर्षांचा_मालाड:

मी त्या मागच्या रांगेतल्यांपैकी आहे (तुमच्या पॅरिशचा नाही, पण तसाच), म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. मावशी, आम्हाला देवाचा कंटाळा नाही येत. आम्हाला आधीच माहीत असलेल्या शेवटाचा कंटाळा येतो. ज्या सिनेमात शंका घेणारा माणूस पहिल्या मिनिटापासून चुकीचा ठरवलेला असतो तो आम्हाला आमच्याबद्दल वाटतो, आणि मग आम्ही मोबाईल काढतो. मी स्वतः दोन वर्षं चर्चला नीट जात नव्हतो, पप्पा गेले त्यानंतर. तेव्हा मला कोणी बोध केला तर मी उठून जायचो. पण 'इट्स अ वंडरफुल लाइफ' मी तीनदा बघितला तेव्हा. १९४६ चा आहे, ब्लॅक अँड व्हाइट, येशूचा जन्म त्यात नाहीच, नाताळच्या रात्री कर्जाच्या भानगडीत जीव द्यायला निघालेला माणूस आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारं गाव. प्रार्थनांनीच सुरू होतो सिनेमा. आला तेव्हा चालला नव्हता, तोट्यात गेला, मग १९७४ ला कॉपीराइट रिन्यू करायचा राहून गेला म्हणून तिकडची सगळी टीव्ही चॅनलं दर नाताळला लावायला लागली आणि लोकांच्या घरातला झाला. त्यात तो माणूस बारमध्ये बसून प्रार्थना करतो की मी प्रार्थना करणारा माणूस नाही पण तू असशील तर मला वाट दाखव, आणि उत्तर म्हणून काय मिळतं तर तोंडावर ठोसा. बाजूलाच बसलेला माणूस मारतो. मला ते इतकं खरं वाटलं. देव आहे की नाही ते सिनेमा लगेच नाही सांगत, ठोसा खाऊन बाहेर बर्फात जाऊ देतो त्याला.

तर तुम्ही जन्माचाच सिनेमा लावा हवं तर, पण त्यात मारियाच्या पोटातल्या बाळावरून योसेफला शंका येते ते कापू नका. योसेफ घाबरलेला, चिडलेला, गावात तोंड कसं दाखवू म्हणणारा, तो आमचा माणूस आहे.

आणि उलटपण सांगतो. २०२४ डिसेंबरला नेटफ्लिक्सवर 'मेरी' आला, अँथनी हॉपकिन्स हेरोद राजा, मी आईला लावून दिला कौतुकाने. तिला अजिबात नाही आवडला. मारामाऱ्या, आगी, घोडे, आणि बायबलमध्ये नसलेल्या गोष्टी घातलेल्या. तिचं म्हणणं असं की कल्पना करायची तर करा पण माझ्या मारियाला हिरॉईन नका करू. मी तिच्याशी वाद घातला, योआकिम आणि अन्ना हे तिचे आईवडील तरी कुठे बायबलमध्ये आहेत, आपण जुलैमध्ये त्यांचा सण करतोच की. ती म्हणाली ते वेगळं, ते आजीने सांगितलंय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

गिरगावचा_पडदा:

बाळा, आईचं ते वाक्य लिहून ठेव कुठेतरी. आणि पप्पांचं वाचून वाईट वाटलं रे.

ताई, एक कामाची गोष्ट राहिली. आमच्या फिल्म सोसायटीत आम्ही यात एकदा अडकलोय म्हणून सांगतो. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा घरचं ओटीटी अकाउंट हे घरी बघायला असतं, हॉलमध्ये दीडशे लोकांना दाखवायचं तर तिकीट नसलं तरी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. फार अवघड नसतं, ईमेल करायची, तारीख आणि खुर्च्या किती ते सांगायचं, पण महिनाभर आधी करा. 'येशू' वाले स्वतःच लोकांनी दाखवावं म्हणून वाटतात, त्यामुळे तिथे सोपं जाईल, तरी विचारून घ्या.

नेवरी_आणि_फुगे:

मी सगळं दोनदा वाचलं, एकदा लोकलमध्ये आणि एकदा आत्ता आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. परवानगीचं मला माहीत नव्हतं, गेल्या वर्षी आम्ही सरळ डीव्हीडी लावली होती, या वेळी उद्याच ईमेल करते.

ठरवलंय ते असं. आधी मराठी 'येशू' मधला सुरुवातीचा जन्माचाच भाग, आणि मी माइक हातात घेणार नाही. मग चहा, फुगे (आमच्याकडचे तळलेले, खायचे) आणि नेवऱ्या, आणि लोकांना निवांत बोलू द्यायचं. मग परवानगी मिळाली तर मेंढपाळाची ती वीस मिनिटांची फिल्म, सिस्टर तुमच्यामुळे. कार्टून पोरांसाठी शनिवारी वेगळं. मेसेजवाल्यांना मी सांगितलं की फादरांचा मेसेज मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) असतोच, एक संध्याकाळ नुसतं बघूया. दोघं नाराज आहेत, बोलतील माझ्याशी हळूहळू. मालाडच्या मुला, योसेफची शंका त्या भागात फारशी नाहीये कारण लूकच्या शुभवर्तमानात ती नाही, मत्तयच्या आहे. म्हणून चहाच्या आधी आमच्या युवा गटातला एकजण मत्तयातला तो उतारा उभा राहून वाचेल, पडद्यावर काही न दाखवता. तुला यायचं असेल तर मेसेज कर, तूच वाच.

आणि बाहेर पडताना दारात उभी राहून कसा वाटला म्हणून कोणाला विचारणार नाहीये.

आजीला मेंढपाळांचं सांगितलं तर तिने एवढंच विचारलं की खुर्ची कुठे ठेवणार. पहिल्या दोन रांगांत मान वर करून दुखते तिची, म्हणून तिसऱ्या रांगेतली कडेची, पंख्याखालची नको.